गरम हाताचं गणित

बाबा, त्या दुपारी कूलर चालू होता की नव्हता, एवढं सांगता आलं तर बघा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं, आणि मिटल्यावरही आधी ऐकू येतो तो तुमचा खोकलाच. एवढ्या काळानंतर मुलीने पहिल्यांदाच पत्र लिहायला घ्यावं आणि त्यात कूलरची चौकशी करावी, हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. मलाही वाटतंय. पण गेले काही दिवस आई आणि मी, आम्ही दोघी याच एका प्रश्नाभोवती फिरत होतो. आईपुरतं ते परवा मिटलं. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, आणि विचारायला दुसरं कुणी नाही. त्या खोलीत आईखेरीज तुम्हीच होता. मी तर गावातही नव्हते.

आधी माझं सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा माझा बारावीचा निकालही लागला नव्हता. मी इंजिनिअर झाले. आता चंद्रपुरातच एका कॉलेजात शिकवते, आई माझ्याकडेच असते. विषय कुठला, तर उष्णता. तुम्ही हसाल. घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात तुम्ही भट्टीच्या तोंडाशी उभं राहून जन्म काढला आणि मी पंख्याखाली उभी राहून फळ्यावर उष्णता शिकवते, पगारही तुमच्यापेक्षा बरा घेते. त्यात एक मोठा धडा आहे, घन वस्तू तापतात कशा, निवतात कशा, आणि त्याला वेळ किती लागतो हे काढायचं. नियम सोपा आहे. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्यात फरक जितका जास्त, तितकी ती भराभर निवते. फरक कमी होत गेला की निवणंही मंदावतं. कपातला चहा आधी पटकन पिण्याजोगा होतो आणि मग उरलेला कोमट घोट कितीतरी वेळ तसाच कोमट राहतो, तेच हे. हवा किती गरम, वस्तू सुरुवातीला किती गरम आणि आत्ता किती गरम, हे ठाऊक असेल तर मधे किती वेळ गेला ते काढता येतं. मुलांना हा धडा आवडतो. मलाही आवडायचा.

हे सगळं मी पहिल्यांदा तुमच्याकडूनच ऐकलं होतं, तुम्हाला आठवत नसेल. दसऱ्याला कारखान्यात पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. भट्टी बंद होती, दुरुस्तीला. आमच्या अख्ख्या गल्लीएवढी लांब, आडवी निजलेली लोखंडी नळी, आणि ती हळूच, कुणी कूस बदलावी तशी फिरत होती. मी विचारते, "बंद आहे तर फिरते काऊन?" तुम्ही हातातला पेढा तोंडात टाकता आणि म्हणता, "बंद हाये, पण आतून गरम हाये ना. एका अंगावर पडू देली तं वाकते. म्हणून मधे मधे फिरवा लागते." मी म्हणते, किती वेळ? "थंडी होतवरी." कधी थंडी होते? "होते तवा होते." हे उत्तर मी वर्गात दिलं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. आणि तुमचा तो सिद्धांत, सावकाश तापवलेली वस्तू सावकाश थंड होते आणि घाईने तापवलेली घाईने! पहिल्या वर्षाला मी सुटीत घरी येऊन तुमच्या फोटोशी त्यावर भांडले होते. वस्तूला कुठे माहीत असतं तिला कसं तापवलं ते? मग दुसऱ्या वर्षी शिकले की घाईने तापवली तर नुसती कातडी तापते, उष्णता आतपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तुमचं अर्धं खरं होतं. कुठलं अर्धं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

एकदा तुम्ही भट्टीतली जुनी वीट आणली होती माझ्यासाठी. अस्तर बदलताना काढलेली, एका कोपऱ्याला फुटलेली, आणि भलतीच जड. मैत्रिणींना त्यांचे वडील नागपूरहून फ्रॉक आणायचे आणि माझ्या वडिलांनी वीट आणली म्हणून मी रुसले होते. मग थंडी पडली. आई ती वीट अंगणातल्या चुलीच्या कडेला ठेवायची, जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि माझ्या पायथ्याशी सारायची. सकाळी शाळेला उठेपर्यंत तिच्यात ऊब असायची. त्या फ्रॉकवाल्या पोरींना मी घरी बोलावून वीट दाखवली होती, त्यांना काही कळलं नाही ते सोडा.

आपल्या क्वार्टरमधली ती शांतता मात्र मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. ज्यांच्या घरी पाळीवर जाणारा माणूस असतो त्यांनाच ती कळते. रात्रपाळी करून तुम्ही सकाळी यायचात, जेवायचात आणि झोपायचात, की घराचा आवाज बंद. दाराच्या कडीला चिंधी बांधलेली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई गॅस बारीक करायची. भाजीवाली आली की आई खिडकीतून बोटांनी भाव विचारायची आणि ती बिचारी बोटांनीच सांगायची. पाहुणे आले तर बाहेर कडुनिंबाखाली बसायचे, मग ते मामा असोत की साक्षात तहसीलदार. मी लहान असताना एकदा गारा पडल्या म्हणून धावत आले आणि तुमचा खांदा धरून गदागदा हलवलं. तुम्ही असे दचकून उठलात की मीच रडायला लागले. "मानूस झोपीत बी भट्टीवरच रायते," तुम्ही ओरडलात, "असं हालवू नाई कोनाले! मले वाटलं काई झालं." तुमचे डोळे तेव्हा रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. त्यानंतर मी कधी उठवलं नाही, आणि आईने तर जन्मात नाही. गारा तेवढ्यात वितळून गेल्या.

तरी आई तुमच्याशी बोलायची, ही गंमतच होती. तुम्ही डोळे मिटून पडलेले, आई खाटेला पाठ टेकून खाली बसलेली, हातात काहीतरी निवडणं-टिपणं, आणि अगदी हळू आवाजात तिचं चाललेलं असायचं. कोण आलं, कोण काय म्हणालं, नळाला पाणी किती वेळ होतं. तुमच्या चेहऱ्यावर एक रेघ हलायची नाही. मी म्हणायचे, आई, ते झोपलेत, तू भिंतीशी बोलतेस. मग संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन तुम्ही विचारायचात, "मंग पातेलं वापस केलं का नाई तिनं?" आणि आई माझ्याकडे अशी बघायची की जणू परीक्षेत पहिली आली. झोपेत तुम्हाला खरंच ऐकू यायचं, की आधी जागे होऊन पडून राहायचात, हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

आता त्या मे महिन्याचं. निकाल अजून लागायचाच होता आणि तुम्ही दोघं माझ्या ॲडमिशनवरून भांडून मोकळे झाला होता. तुम्ही म्हणत होता, पोरीला नागपूरला पाठवायचं, हॉस्टेलला. आई म्हणत होती, "चंद्रपुरात काय कॉलेज नाई? एकटी पोरगी नागपूरले रायते, लोक काय म्हनतीन?" मग तुमचं बोलणं बंद झालं आणि मी पोस्टमन झाले. "तुझ्या बाबाले सांग, जेवाले या म्हना." "आईले सांग, भूक नाई." ताट माझ्यासमोर, माणसं माझ्यासमोर, आणि निरोप माझ्यामार्फत. दुपारचं ते खाटेजवळचं बोलणंही आईने बंद केलं. मला इतका कंटाळा आला की मी सिंदेवाहीला मावशीकडे निघून गेले. जाताना तुम्ही म्हणालात, "ये आठ दिसानं, तवापर्यंत तुझी आई आयकते." मला वाटलं नव्हतं ऐकेल. तुम्हालाही वाटलं नसावं, कारण म्हणताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतरचं मला आईकडून ठाऊक आहे. तुम्ही रात्रपाळी करून आलात, थोडंसंच जेवलात, छातीत जळजळतंय म्हणून सोडा घेतला आणि झोपलात. दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेली. ऊन कलल्यावर परत आली. तुमचा हात खाटेखाली लोंबत होता, तो तिने उचलून खाटेवर ठेवला. हात गरम होता. झोपलेत म्हणून तिने उठवलं नाही; कसं उठवणार, त्या घरात कुणी कुणाला उठवतच नव्हतं. संध्याकाळी चहासाठी हाक मारली तर ओ नाही. कारखान्याचे डॉक्टर आले, हार्ट म्हणाले, आणि म्हणाले, थोडा वेळ झाला असेल. थोडा म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. रडारडीत कोण विचारणार? मी दुसऱ्या दिवशी पोचले. एवढी वर्षं मला वाटत होतं, गोष्ट एवढीच आहे.

गेल्या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी घरी आली, शंका विचारायला. सिरोंच्याची आहे, धीट आहे. त्या धड्याच्या शेवटी एक उदाहरण असतं, कुठल्याही पुस्तकात सापडेल: एका खोलीत प्रेत आढळलं, खोलीचं तापमान अमुक, प्रेताचं तमुक, तर मृत्यू कधी झाला? मी ते दर वर्षी गाळते. काही ठरवून नाही, हात आपोआप पुढचं उदाहरण घेतो. पोरीने नेमकं तेच काढलं. "मॅडम, हे सोडून काऊन देल्लं तुम्ही? परीक्षेत येते ना." मग मी ते सोडवून दाखवलं. आई पलीकडे लाखोळीची डाळ निवडत बसली होती. तिला यातलं काही कळतं असं मला कधी वाटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अंगाच्या गरमीवरून समजते का, मानूस कवा गेला ते?" मी म्हटलं, समजतं साधारण. ती गाळणी झटकत म्हणाली, "मंग सांग ना. मी पापडाहून आली तवा तुझे बाबा होते का नव्हते?" आणि गाळणी धुवायला वळली.

बाबा, म्हणजे इतकी वर्षं हिच्या मनात हे होतं! हात गरम होता, म्हणजे जीव होता, म्हणजे तेव्हा हलवून उठवलं असतं, रिक्षात घातलं असतं, तर तुम्ही वाचला असता. हे ओझं घेऊन ती माझं शिक्षण, माझं लग्न, माझं बाळंतपण, सगळं करत राहिली आणि एका शब्दाने बोलली नाही. मला भडभडून आलं आणि रागही आला. मी ठरवलं, हे गणित सोडवायचंच. हे तर माझं काम आहे.

आणि ते सुटेना. पुस्तकातली खोली नेहमी थंड असते. ज्याने कुणी ते उदाहरण रचलं त्याने चंद्रपूरचा मे महिना पाहिलेला नाही. इथे दुपारी नळाचं पाणी चटका देतं, खाटेचा लोखंडी पाइप धरवत नाही, बंद खोलीतली हवा माणसाच्या अंगाइतकीच गरम असते, कधी जास्तच. हवा आणि अंग यांच्यात फरकच नसेल तर निवणार काय? अशा खोलीत आत्ता गेलेल्या माणसाचा हात आणि सकाळी गेलेल्या माणसाचा हात, दोन्ही सारखेच गरम लागतात. गणिताला धरायला काही उरतच नाही. हात गरम म्हणजे माणूस झोपलेला, असं मे महिन्यात समजणारी माणसं आपल्याकडचीच. त्यात तळहाताला तापमान कळत नाही, फरक तेवढा कळतो, आणि आई तर उन्हातून आलेली, तिचाच हात भाजलेला. पण कूलर चालू असेल तर गोष्ट वेगळी. मग खोली गार, हात बारीक, तो भराभर निवला असता आणि आईला तो थंडगार लागला असता. लागला नाही, म्हणजे तुम्ही होता, किंवा नुकतेच गेला होता. सगळं त्या कूलरवर येऊन थांबत होतं. तेव्हा लोडशेडिंग कधी असायचं ते आठवतं का? मला आठवत नाही. रोज वेळ बदलायची.

मी आईला विचारलं. सकाळी म्हणाली, "लाइन गेली होती. पदरानं तोंड पुसत पुसत घरात आली ना मी." दुपारी म्हणाली, "नाई, कूलर होता वाटते, खिडकीजवळ ओल होती." ओल तर कूलर बंद झाल्यावरही राहते. मी कॉम्प्युटरवर बसले, खोली अशी धरली, तशी धरली, भिंत तापलेली धरली, खिडकी उघडी धरली. उत्तर प्रत्येक वेळी वेगळं. एकदा तुम्ही आई घराबाहेर पडायच्या आधीच गेला होता. एकदा ती चहाला आधण ठेवत होती तेव्हा गेलात. आकडे माझ्यासमोर होते आणि मला तुमची उघडी छाती दिसत होती, गळ्यातला काळा दोरा दिसत होता. मधेच वाटलं, हे काय करतेय मी, वडिलांना वस्तू धरून त्यांचं वजन टाकतेय. लाज वाटली, तरी टाकलं. वजनही अंदाजानेच टाकलं, तेही मला ठाऊक नव्हतं.

शेवटी मी ठरवलं की लाइन गेली होती. आईला तेच हवं असणार, असं मला वाटलं. यात एवढा विचार कसला? परवा संध्याकाळी ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मी समोर स्टूल ओढला आणि निकाल सांगावा तसं सांगितलं, "आई, मी गणित केलं. तू यायच्या आधीच बाबा गेले होते. खोली तापलेली होती म्हणून हात गरम लागला. तू उठवलं असतंस तरी काही झालं नसतं." तिचा चेहरा सैल पडेल म्हणून मी वाट बघत होते. तिचा हात डाळीत होता तो डाळीतच राहिला.

"मी आली तवा नव्हतेच?"

"नव्हते."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं.

तिने सुपातला एक खडा उचलला, टाकला नाही, बोटांत धरून बसली. मग म्हणाली, "मंग मी हो म्हनलं, ते कोनाले म्हनलं?"

कशाला हो? मग तिने सांगितलं, बाबा, आणि मी स्टुलावरून उठून खाली तिच्याशेजारी बसले. त्या दिवशी पापड लाटताना बायकांचं पोरींच्या लग्नाचं चाललं होतं, कुणाची कधी, कुणाला किती शिकवलं, आता पुरे. एकजण आईला म्हणाली, तुमचीही यंदा उरकून टाका, बारावी म्हणजे पुष्कळ झाली. "मले काय झालं काय मालूम," आई म्हणाली, "लाटनं ठेवलं न उठली. म्हनलं, हे कोन सांगनारे?" घरी आली. तुमचा हात वर ठेवला, खाटेला पाठ टेकून बसली, आणि कितीतरी दिवसांनी तुमच्याशी बोलली. "म्हनलं, जाऊ द्या पोरीले नागपूरले. मी आता काई म्हनत नाई. तुमचंच खरं." तुम्ही काही बोलला नाहीत. पण तुम्ही कधीच बोलायचा नाहीत. संध्याकाळी चहाच्या वेळी चिडवाल, असं तिला वाटत होतं. तुमचं तोंड कसं होतं ते बघायचं म्हणून तिने त्या दिवशी चहा लवकर ठेवला.

मला हे माहीत नव्हतं. मी समजत होते, तुम्ही गेलात म्हणून तिने मला नागपूरला पाठवलं, मेलेल्या माणसाची इच्छा म्हणून, मनाविरुद्ध. हॉस्टेलच्या दारात ती माझी वळकटी ठेवून लगेच फिरली, मागे वळून पाहिलंही नाही, आणि मी ते चार वर्षं मनात धरून होते. "मला सांगितलं का नाहीस कधी?" मी जवळजवळ ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "ते त्याइचं न माझं होतं. तुले काऊन सांगू?"

मग तिनेच सूप बाजूला ठेवलं. "तू पुन्यांदा कर," म्हणाली. "कूलर चालू होता. आता बराबर आठवते मले. वाळ्याचा वास येऊन राह्यला होता खोलीत." मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. मी म्हटलं, "आई, कूलर चालू असेल तर बाबा होते तेव्हा. पण मग..." तिने माझं वाक्य घेतलं. "मंग उठवाले पायजे होतं मी. मालूम हाये मले. ते राहू दे माझ्या माथी, इतकी वर्सं हायेच. पन आयकलं ना त्याइनं?"

मी हो म्हटलं. ऐकलं म्हटलं. कूलर चालू होता ना, मग ऐकलंच. ती पदराने डोळे पुसून पुन्हा सूप घेऊन बसली, आणि थोड्या वेळाने नेहमीच्या आवाजात म्हणाली की यंदाच्या डाळीत खडे फार आहेत. जेवताना दोन घास जास्त जेवली. मी तिला सोडवायला गेले होते, आणि तिने ते ओझं माझ्या देखत, आपण होऊन परत उचलून घेतलं, आणि वर तीच मोकळी दिसत होती. हे मला समजत नाही, बाबा. तुम्हाला समजलं असतं का? मला तुमचाही राग येतो. तुम्ही तेव्हा होता, असं धरलं, आणि ऐकलं असं धरलं, तर बोट का नाही हलवलंत? नव्हता असं धरलं, तर रागाला जागाच नाही, आणि मग तर जास्तच येतो.

आकडे आधी पाहायचे आणि उत्तर मागाहून काढायचं, हे मी मुलांच्या कानीकपाळी ओरडते. उत्तर ठरवून आकडे बसवणाऱ्याला मी नापास करते, दया दाखवत नाही. परवापासून मनाला समजावतेय की मी आईसाठी हो म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून. तुम्हाला तरी खरं सांगते, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही आणि लिहून झालं की मी फाडणार आहे. तिने सूप बाजूला ठेवायच्या आधीच मी मनात कूलर सुरू केला होता. मी नागपूरला निघाले तेव्हा घरातलं भांडण मिटलेलं होतं आणि ते तुम्हाला कळलं होतं, हे मलाच हवं होतं.